पोटगीचा आदेश हातात आहे, पैसे मात्र येत नाहीत

प्रश्न: ताई, माझा घटस्फोट होऊन तीन वर्षं झाली. कोर्टाने मला आणि मुलीला महिन्याची पोटगी ठरवून दिलीये, आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखालचा आहे. सुरुवातीला मागेपुढे का होईना पैसे यायचे, आता १४ महिने झाले एक रुपया नाही. फोन केला की म्हणतो नोकरी सुटली, आणि परवा तर म्हणाला टाक मला जेलमध्ये, महिनाभर बसून येईन की तुझं सगळं फिटलं. मुलीला दोनदा कपडे घेतले तेही पोटगीतच धर म्हणतो. कटकट नको म्हणून गप्प बसले होते, वाटलं देईल. आता काय करू?

उत्तर: आधी कडू गोष्ट सांगून टाकते. गप्प बसलात त्यात साधारण दोन महिन्यांचे पैसे या कलमाच्या वॉरंटमधून गेले. १२५ मध्ये (१ जुलै २०२४ पासून हेच भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम झालंय) वसुलीचं वॉरंट हवं असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात अर्ज करावा लागतो आणि ही मुदत प्रत्येक महिन्याच्या रकमेची वेगळी मोजतात, म्हणजे तुम्ही थांबाल तसा मागून एकेक महिना गळत जाणार. त्याला हे माहीत असेलच असं नाही, पण त्याच्या वकिलाला नक्की माहीत असणार. म्हणून बोलणी, मध्यस्थी जे काय करायचं ते करा, पण अर्ज टाकून मग करा. आणि इथून पुढे तीनचार महिने थकले की लगेच अर्ज, वर्ष भरायची वाट बघायची नाही.

जेलचं म्हणाल तर तो चक्क चुकतोय. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी जास्तीत जास्त एक महिना कैद अशी तरतूद आहे, आणि मधेच पैसे भरले तर सुटका. पण आत बसून आला म्हणून पैसे फिटत नाहीत, हे सुप्रीम कोर्टाने १९८९ सालीच स्पष्ट केलंय. जेल म्हणजे पैसे काढून घेण्यासाठीचा दबाव, पैशांच्या बदल्यातली शिक्षा नाही. बाहेर आला की थकबाकी तेवढीच उभी असते.

नोकरी सुटली असेल तर त्याने कोर्टात जाऊन रक्कम कमी करून मागायची, त्याला वेगळं कलम आहे. आपल्या मनाने बंद करता येत नाही, आणि कोर्ट बदलत नाही तोपर्यंत जुनाच आकडा चालू राहतो. कपड्यांचं तर सोडूनच द्या. बाप म्हणून लेकीला घेतलेले कपडे पोटगीत वजा करायला माझा विरोधच असतो, तुमच्या वकिलांनाही तसंच सांगा.

आता खरी मेहनत कुठे आहे ते ऐका. कोर्ट त्याची मालमत्ता शोधत फिरत नाही, ती माहिती तुम्हीच द्यायची. नाहीतर होतं काय, वॉरंट निघतं, पोलीस जुन्या पत्त्यावर जातात, "इसम मिळून आला नाही" असा शेरा मारून कागद परत येतो आणि पुढची तारीख पडते, असं वर्ष वर्ष चाललेलं मी बघितलंय. तर राहता पत्ता, कामाचं ठिकाण, गाडीचा नंबर, बँक कुठली, नावावर जमीन असेल तर सातबारा, जे मिळेल ते जमवा. जमीन असेल तर मॅजिस्ट्रेट कलेक्टरकडे वॉरंट पाठवू शकतात आणि मग शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसुली होते, हा रस्ता फार कमी लोक वापरतात. तो दुसऱ्या गावी गेला असेल तर तिथल्या मॅजिस्ट्रेटकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते. अर्जासोबत आदेशाची सर्टिफाइड कॉपी आणि महिन्यावार तक्ता जोडा, किती देय, किती आले, बाकी किती, आणि बँकेचं स्टेटमेंट. पुढे तो पैसे द्यायला लागला तरी रोख घेऊ नका, खात्यातच घ्या. आणि वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबला असाल तर १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या आवारातच असतं.

प्रश्न: आमचा सहमतीने घटस्फोट झाला, हिंदू विवाह कायद्याखाली. एकरकमी पोटगी तीन हप्त्यांत ठरली होती, तिसरा हप्ता डिक्रीनंतर (म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम झाल्यावर) द्यायचा होता तो दिलाच नाही. दीड वर्ष झालं. वर्षाची मुदत गेली म्हणजे माझं संपलं का?

उत्तर: नाही हो! ती एक वर्षाची अट वरच्या ताईंच्या कलमाला आहे, तुम्हाला नाही. तुमच्या अटी डिक्रीत लिहिल्यात ना, मग ती डिक्री वसूल करायला दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, टाकायची, त्याला १२ वर्षांची मुदत आहे. डिक्री दिली त्याच कोर्टात. दरखास्तीत त्याच्या मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागून घ्या, बँक खातं आणि पगार दोन्हीवर जप्ती मागा. साध्या कर्जाच्या डिक्रीत पगाराचा बराच भाग सुरक्षित असतो, पोटगीच्या डिक्रीत मात्र फक्त एक तृतीयांश, म्हणजे दोन तृतीयांशापर्यंत जप्ती येऊ शकते आणि ती थेट मालकाकडून कापली जाते. दिवाणी कैदही मागता येते, तीन महिन्यांपर्यंत, पण तिथे त्याच्या जेवणाचा भत्ता तुम्हालाच भरावा लागतो, त्यामुळे पगारदार माणूस असेल तर मी तरी आधी पगारालाच हात घालते. आणि ज्यांच्या सह्या अजून व्हायच्यात त्यांनी शेवटचा हप्ता डिक्रीनंतर ठेवूच नका, शेवटच्या तारखेला डीडी हातात पडला की मगच कोर्टापुढे होकार द्या.