मागच्या सीटवरून रस्ता पाठ होत नाही

या वेळी मुलांना रस्ते, जागा, दिशा कशा कळतात यावरच बरेच प्रश्न आलेत, म्हणून ते एकत्र घेतलेत.

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत आहे. राहतो कोल्हापुरात राजारामपुरीत, शाळा शिवाजी पेठेच्या बाजूला, पहिलीपासून व्हॅननं जातोय. परवा सहज विचारलं, शाळेतनं चालत घरी यायचं झालं तर कसा येशील? काहीच सांगता आलं नाही ओ त्याला. पाढे पाठ, गाड्यांची नावं पाठ, मोबाईलवरच्या रेसचे सगळे रस्ते पाठ. मग हेच का नाही? स्मरणशक्तीत काही प्रॉब्लेम असेल का?
— एक आई, राजारामपुरी

उत्तर: ताई, घरात त्याच्या वस्तू त्याला सापडतात, गल्लीतल्या मित्राच्या घरी एकटा जाऊन येतो, शाळेत स्वतःचा वर्ग बरोबर गाठतो, एवढं होत असेल तर स्मरणशक्तीची काळजी करू नका. (रोजच्या ओळखीच्या जागेतही गोंधळत असेल तर मात्र एकदा बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.) तुमच्या मुलाला रस्ता आठवत नाही असं नाहीये, तो रस्ता त्यानं कधी चाललेलाच नाही. व्हॅनमध्ये पाच-सात पोरं, दप्तरं, दंगा, आणि कुठं वळायचं ते ठरवणार ड्रायव्हरकाका, मग पोराच्या डोक्याला त्यात काम काय उरलं?

१९६३ साली हेल्ड आणि हाइन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता, तो मला इथं फार महत्त्वाचा वाटतो. पिल्लांच्या जोड्या केल्या, एक पिल्लू स्वतःच्या पायानं गोल फिरायचं आणि दुसरं त्याच यंत्राला टांगलेल्या पाळण्यात बसून त्याच्याबरोबर फिरायचं, म्हणजे दोघांना दिसायचं तेच आणि तेवढंच, पण नंतर किती खोल, किती लांब याचा अंदाज आला तो चालणाऱ्या पिल्लाला, पाळण्यातलं मात्र त्या चाचण्यांत गडबडलं. आता हा प्रयोग नजरेचा आणि अंतराचा आहे, थेट रस्ते लक्षात ठेवण्याचा नाही हे कबूल, पण नुसतं दिसणं आणि स्वतः हालचाल करून बघणं यात किती फरक पडतो ते यातून स्वच्छ कळतं.

रस्त्याचं ज्ञान कसं तयार होतं यावर सीगल आणि व्हाइट यांनी १९७५ मध्ये एक मांडणी केली, आजही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. आधी खुणा लक्षात राहतात, म्हणजे बिंदू चौक, मिरजकर तिकटी, कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ, मग या खुणा एका ओळीत लागून रस्ता तयार होतो, इथनं पुढं गेलं की ते येतं आणि मग डावीकडं, आणि सगळ्यात शेवटी असे बरेच रस्ते एकमेकांत गुंतून वरनं बघितल्यासारखा अख्खा नकाशा डोक्यात उभा राहतो. प्रत्येक जण या पायऱ्या अगदी याच क्रमानं चढतो असं नाही, यावर पुढं बराच वादही झालाय, पण लहान मुलांच्या बाबतीत ही कल्पना खूप उपयोगी पडते. आठव्या वर्षी मूल साधारण दुसऱ्या पायरीवर असतं, रस्ता येतो पण आडवाट काढता येत नाही, तेव्हा अख्ख्या गावाचा नकाशा त्याच्याकडं आत्ताच मागू नका.

मग करायचं काय? रविवारी सकाळी ट्रॅफिक कमी असतं तेव्हा शाळेपासून घरापर्यंत चालत या, आणि त्याला पुढं ठेवा, तुम्ही दोन पावलं मागं. प्रत्येक तिकटीवर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, तो थांबेल, तुमच्या तोंडाकडं बघेल, तेव्हा सांगू नका. चुकीच्या बोळात शिरला तर शिरू द्या, थोडं पुढं गेल्यावर त्यालाच कळतं, आणि त्या चुकलेल्या बोळानं सुद्धा नकाशात भरच पडते. पेठांतले बोळ वाकडेतिकडे, तिथं खुणांशिवाय गत्यंतर नाही, राजारामपुरीत मात्र गल्ल्यांना ओळीनं नंबर आहेत म्हणून तिथं पोराला क्रम धरता येतो, पाचवी गेली आता सहावी येणार, हा फरक त्याला स्वतःला शोधू द्या. मधेच विचारा, रंकाळा कुठल्या अंगाला असेल, हात करून दाखव बघू. हात भलतीकडं गेला तरी रागवू नका, महिन्याभरानं परत विचारा.

आणि अजून एक, त्याला जरा हुंदडू द्या. टोलमन आणि हॉनझिक यांचा १९३० चा उंदरांवरचा प्रयोग आहे, त्यात काही उंदीर दहा दिवस भूलभुलैयात नुसतेच फिरले, खाणं-बिणं काही ठेवलं नव्हतं, बघणाऱ्याला वाटावं हे काही शिकतच नाहीयेत, आणि अकराव्या दिवशी शेवटाला खाणं ठेवायला सुरुवात केल्यावर त्यांच्या चुका एकदम घसरल्या, पहिल्या दिवसापासून खाणं मिळणाऱ्या उंदरांच्या बरोबरीनं ते आले. म्हणजे ते विनाकारण फिरणं फुकट गेलंच नव्हतं! पुढं १९४८ मध्ये टोलमननं डोक्यातल्या नकाशाची कल्पना मांडली ती अशाच प्रयोगांवरून. आपण मात्र पोरांचं विनाकारण फिरणंच आधी बंद केलंय, क्लास ते घर, घर ते क्लास, आणि मला याचं खरंच वाईट वाटतं.

प्रश्न: नात अडीच वर्षांची आहे. कागदावर घराचा नकाशा काढून, इथं तुझी बाहुली लपवलीय म्हणून दाखवलं तर ती कागदावरच शोधत बसली. नकाशा कधीपासून कळतो?
— एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर: आजोबा, अजून सहा महिने थांबा आणि हाच खेळ परत खेळा. जुडी डिलोश यांनी १९८७ मध्ये जवळपास हेच करून बघितलं होतं. खोलीची छोटी प्रतिकृती केली, त्यात छोटं खेळणं लपवलं आणि मुलांना सांगितलं की मोठ्या खोलीत मोठं खेळणं अशाच जागी आहे. तीन वर्षांच्या मुलांनी बहुतेक वेळा बरोबर काढलं, अडीच वर्षांच्या मुलांना जमलं नाही, आणि गंमत म्हणजे छोटं खेळणं कुठं लपवलं होतं ते त्या अडीच वर्षांच्या मुलांनाही नीट आठवत होतं. म्हणजे आठवणीची अडचण नव्हती. एक वस्तू दुसऱ्या जागेबद्दल काहीतरी सांगते, हेच त्या वयात पटकन ध्यानात येत नाही.

तोवर कागद राहू द्या, घरातच लपवाछपवी खेळा. "कपाटाच्या मागं", "माठाच्या शेजारी", "पायरीच्या खाली" असे शब्द भरपूर वापरा, नुसतं "तिथं बघ" म्हणू नका.

प्रश्न: मुलगी अकरा वर्षांची. घरातले सगळे म्हणतात मुलींना रस्ते कळतच नाहीत, आणि आता तीही तेच म्हणायला लागलीय. सायकल आहे पण गल्लीबाहेर आम्ही सोडत नाही. खरंच असं असतं का?
— एक वडील, कसबा बावडा

उत्तर: दादा, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे की, सायकल आहे पण गल्लीबाहेर सोडत नाही. रॉजर हार्ट यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या एका छोट्या गावात मुलं घरापासून किती लांब फिरतात याचा बारकाईनं अभ्यास केला, १९७९ मध्ये त्यावर पुस्तक आलं, आणि त्यात दिसलं ते असं की मुलग्यांना मुलींपेक्षा लांबवर फिरायची मोकळीक होती. जिला गल्लीच्या पलीकडचं गाव बघायलाच दिलं नाही तिच्या डोक्यात गाव यायचं कुठनं? त्यामुळं ते वाक्य घरात आधी बंद करा, कारण पोरगी त्यावर विश्वास ठेवायला लागलीय आणि मग ती प्रयत्नच सोडून देईल.

मोठा रस्ता, वाहनं, एकटी पोरगी, ही भीती खोटी नाही. म्हणून तुम्हीही सायकल काढा आणि पहिले काही रविवार तिच्या मागनं जा, भाऊसिंगजी रोडनं न्यू पॅलेसपर्यंत, मग टाऊन हॉल, मग भवानी मंडप. घरी आल्यावर तिला कोऱ्या कागदावर वाट काढायला सांगा. पहिला नकाशा वेडावाकडा येईल, अंतरं चुकतील, तो जपून ठेवा आणि काही महिन्यांनी दुसरा काढून घ्या.

आणि डाव्या-उजव्याबरोबर दिशाही बोलण्यात येऊ द्या. डावं-उजवं आपण वळलो की बदलतं, पूर्व-पश्चिम बदलत नाही. पियर डासेन आणि रमेश मिश्र यांनी भारत, नेपाळ, बाली इथल्या मुलांवर बरीच वर्षं काम केलं, त्यात वाराणसीतल्या संस्कृत पाठशाळेत शिकणारी मुलं, जिथं दिशांना रोजच्या आचारात महत्त्व असतं, वस्तू कुठं आहे ते सांगताना दिशांचा आधार जास्त घेताना दिसली. आपल्याकडं तर हे किती सोपं आहे, अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवात मावळतीची किरणं महाद्वाराच्या, म्हणजे मोठ्या दरवाजाच्या, बाजूनं आत देवीपर्यंत येतात, म्हणजे महाद्वार पश्चिमेला, हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं जुनं गाव त्याभोवती लावता येतं. खेड्यात आजी-आजोबा अजून "उगवतीच्या अंगाला" असंच सांगतात, मुलांच्या कानावर ते पडू दे.

प्रश्न: मेंदूत खरंच नकाशा असतो का?
— नववीतला विद्यार्थी, उचगाव

उत्तर: कागदासारखा नाही रे, पण पेशी असतात. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, त्यात काही पेशी प्राणी एका ठराविक जागी आला की जाग्या होतात, दुसऱ्या जागी दुसऱ्या पेशी. हे जॉन ओकीफ यांना १९७१ मध्ये उंदरांत दिसलं. शेजारच्याच भागात जागेचं मोजमाप धरणाऱ्या ग्रिड पेशी माय-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना सापडल्या, २००५ मध्ये, आणि तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. पुढं उंदराच्या पिल्लांतही बघितलं तर दिशा सांगणाऱ्या पेशी आधी तयार होतात, मग जागेच्या, आणि ग्रिड पेशी सगळ्यात उशिरा. शाळेच्या प्रोजेक्टला हा विषय घे, मस्त आहे.

प्रश्न: नवरात्रात अंबाबाईला गेलो होतो, महाद्वारातनं आत गेलो आणि गर्दीत दक्षिण दरवाजानं बाहेर पडलो, सहा वर्षांचा मुलगा पार गोंधळला आणि थोडा वेळ हरवलाच. काय शिकवावं?
— एक आई, फुलेवाडी

उत्तर: ताई, देवळाला चार दरवाजे, प्रत्येकाबाहेर हार-फुलं, पेढे, गर्दी, मोठी माणसं सुद्धा चुकतात तिथं. जाताना दिसणारा रस्ता आणि येताना दिसणारा रस्ता लहान मुलाला दोन वेगळे रस्ते वाटतात, म्हणून आत शिरल्यावर दहा पावलांवर थांबवून मागं वळून बघायला लावा, परत येताना हे असं दिसणार आहे. शिवाय लहान मुलं खूण म्हणून फुगेवाला किंवा लाल गाडी धरतात, ती तासाभरानं तिथं नसतेच. न हलणारी खूण तुम्ही निवडून द्या आणि दरवाजाचं नाव त्याच्याकडनं म्हणवून घ्या.

आणि चुकामूक झालीच तर शोधत फिरायचं नाही, जिथं आहे तिथंच उभं राहायचं, पोलीस किंवा दुकानातल्या माणसाला नाव सांगायचं, आणि फोन नंबर पाठ होईपर्यंत चिठ्ठी करून खिशात ठेवायची. निघायच्या आधी घरात एकदा हे सगळं करून घ्या, तुम्ही दुकानदार व्हा आणि त्याला येऊन सांगू दे.