मनात शंका असताना केलेली प्रार्थना देव ऐकतो का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या आजारपणासाठी रोज प्रार्थना करता, पण प्रार्थना करतानाच 'हे खरंच होईल का' असं मनात येतं. त्यात मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कुणीतरी सांगितलं की शंका आली म्हणजे प्रार्थना वाया गेली. मग खऱ्या विश्वासाने प्रार्थना करायची तरी कशी, हा तुमचा प्रश्न.

देव ऐकतो. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय काढून वाचा. एक बाप आपल्या मुलाला येशूकडे घेऊन आलाय. लहानपणापासून अशुद्ध आत्मा त्या पोराला कधी विस्तवात, कधी पाण्यात टाकतोय. शिष्यांनी हात टेकलेत, शास्त्री, म्हणजे धर्मशास्त्राचे पंडित, वाद घालतायत, भोवती ही गर्दी. बाप म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर आमच्यावर दया करा. विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे, असं येशू म्हणतो तेव्हा तो ओरडतो: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका! एका दमात दोन्ही. आणि येशू त्याला 'आधी मनातली शंका मिटवून ये' म्हणत नाही, पोराला बरं करतो. पुढे घरात शिष्य विचारतात, आम्हाला का जमलं नाही? उत्तर मिळतं, असल्या प्रकारचा आत्मा प्रार्थनेशिवाय निघत नाही. आता त्या सबंध प्रसंगात प्रार्थना म्हणावी असं काय आहे ते शोधून पाहा. मला तरी त्या बापाचं बोलणंच सापडतं.

तुम्हाला कदाचित बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन दाखवलं असेल, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो ते. ते खरंच आहे. पण याकोब तिथे द्विबुद्धीच्या माणसाबद्दल बोलतोय, ज्याचा एक पाय देवाकडे आणि एक दुसरीकडे. शंका घेऊन देवाकडेच येणारा माणूस तो नव्हे. तुम्ही रोज येताय ना? मग तुम्ही तो बाप आहात.

विश्वास म्हणजे 'मी मागितलं तेच होणार' अशी खात्री, असं धरून चाललं तर गेथशेमानेचं, म्हणजे वधस्तंभाच्या आदल्या रात्री येशूने जिथे प्रार्थना केली त्या बागेचं, काय करायचं? तिथे येशूने तीनदा तीच प्रार्थना केली, हा दुःखाचा प्याला टळून जावो, आणि तरी तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्याला टळला नाही. प्रेषित पौलानेही शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारा एक त्रास, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला, कृपा पुरेल एवढं वचन मिळालं. यांचा विश्वास कमी पडला असं कोण म्हणेल? म्हणून वडिलांना बरं कर असं अगदी मोकळेपणाने मागा, आडपडदा न ठेवता, आणि निकाल त्याच्यावर सोडा.

मला सगळ्यात जवळची वाटते ती जुन्या करारातली हन्ना. मूल नाही म्हणून ती परमेश्वरापुढे रडतेय, ओठ हलतायत पण आवाज नाही. एली याजकाला वाटतं बाई प्यायलीय. ती सांगते, मी परमेश्वरापुढे मन मोकळं करतेय. मग ती जाते, जेवते आणि तिचा चेहरा उदास राहत नाही. तिचा मुलगा शमुवेल अजून पोटातही नाही तेव्हाची ही गोष्ट.

शब्द सुचत नसतील त्या रात्री मी बायबलमधलं स्तोत्र १३ मोठ्याने वाचतो. सहाच वचनं आहेत, आणि पहिल्या दोनच वचनांत 'किती वेळ?' हा सवाल चार वेळा येतो. देवाला असं विचारायला पवित्र शास्त्रानेच आपल्याला शब्द दिलेत. लांबलचक प्रार्थनेची गरज नाही. पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो असं समजू नका, हे येशूने मत्तयाच्या सहाव्या अध्यायात स्वच्छ सांगितलंय.

आणि हे सगळं एकट्याने ओढू नका. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघांनी छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला खाली सोडलं, तेव्हा येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला असं लिहिलंय. तुमची शंका ऐकून उपदेश न करणारी दोन-तीन माणसं मंडळीत नक्की असतील. या रविवारी त्यांना गाठा आणि वडिलांचं नाव घेऊन तुमच्यासोबत प्रार्थना करायला सांगा. मीही आज रात्री तुमच्या वडिलांसाठी प्रार्थना करतोय.