टेक्सासमध्ये रँच (गुरं पाळायचं मोठं कुरण) घेणारा मित्र म्हणतो, 'दुष्काळ पडो की वणवा लागो, सरकार पैसे देतं.' खरं आहे का?

देतं. पण मित्र ते पैसे उत्पन्नात धरत असेल तर त्याला आधी थांबवा.

मी अमरिलोजवळ रँचवाल्यांचे हिशेब आणि टॅक्स बघतो. गाव माण तालुक्यातलं. २०१९ च्या चारा छावणीत आमचीही जनावरं होती. मोठ्या जनावरामागे दिवसाला ९० रुपये, तेही छावणीचालकाला. इथे पैसे थेट गुरांच्या मालकाच्या खात्यात येतात आणि तलाठी कुठेच नसतो. पंचनामा आपला आपण करायचा.

दुष्काळाचं तर नकाशाच ठरवतो. दर गुरुवारी देशाचा दुष्काळ-नकाशा निघतो. चराईच्या हंगामात काउंटीचा (म्हणजे इथल्या जिल्ह्याचा) एखादा कोपरा जरी 'डी-थ्री' म्हणजे अतितीव्र दुष्काळात गेला, तरी अख्खी काउंटी पात्र ठरते आणि तीन महिन्यांच्या चाराखर्चाच्या ६० टक्के हिशेबाने पैसे सुटतात. शेजारच्या काउंटीत तो रंग पोचला नाही, तर कुंपणापलीकडचं कुरण तितकंच करपलेलं असूनही त्याला ते तीन महिने नाहीत. दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे येतात, त्यामुळे यावर मी कॉफी पिताना बोलत नाही.

वणव्याची गोष्ट वेगळी. २६ फेब्रुवारी २०२४ ला स्टिनेटजवळ पेटलेल्या स्मोकहाउस क्रीकच्या आगीने दहा लाखांहून जास्त एकर खाल्ले. टेक्सासच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आग. मेलेल्या जनावराला सरासरी बाजारभावाच्या ७५ टक्के, जळालेल्या कुंपणाला दुसरी योजना, खाजगी कुरणाला तिसरी. काउंटीतलं सरकारी शेती ऑफिस एकच, कागद तीन प्रकारचे.

माझं एक गिऱ्हाईक सत्तरीचं आहे. त्याने तिसऱ्याच दिवशी डोझर बोलावून गुरं पुरली. वास सहन होईना, आणि बायकोला ते खिडकीतून दिसत होतं. पुरली अडतीस, मोबाइलमध्ये फोटो एकवीस. उरलेल्या सतराचा पुरावा आम्ही त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर गोळा केला : बँकेने कर्जासाठी केलेली मोजदाद, जानेवारीतल्या लसीची बिलं, डोझरवाल्याचं लेखी निवेदन. शिवाय शर्टाच्या खिशातली लाल वही, घामाने फुगलेली, पानोपानी कानातल्या बिल्ल्यांचे नंबर. अकरा मान्य झाली, सहा गेली. ऑफिसातल्या बाईंना मी दोष देणार नाही. त्यांच्याही काउंटीत तेव्हा धूर होता.

म्हणून मित्राला सांगा, रँच घेण्याआधी वही घे. दर महिन्याला मोजणी, प्रत्येक बिल जपून, आणि जनावर मेलं की पुरण्याआधी बिल्ल्यासकट फोटो. मन होत नाही, तरी काढायचा. ७५ टक्के मिळाले तरी तशीच गाय पुन्हा बाजारातून आणायला कमीच पडतात, हेही त्याने लिहून ठेवावं.

फेब्रुवारीअखेर म्हणजे गाई व्यायचे दिवस. पोटातल्या वासराला तेव्हाच्या नियमात किंमतच नव्हती. २०२५ च्या कायद्याने ती आणली, आणि १ जानेवारी २०२४ पासूनच्या नुकसानाला लागू केली. हे सांगायला मी त्या सत्तरीच्या गिऱ्हाइकाला फोन केला, तर बराच वेळ पलीकडून फक्त पानं उलटल्याचा आवाज. गाभण गाईंच्या नंबरापुढे तो पेन्सिलीने बारीक फुली मारतो. "एकोणीस," म्हणाला, "आणि एकीची फुली पुसट आहे, ती धरू का?"