काळ्या पाषाणासाठी कोणता क्रशर?

प्रश्न : चुनखडी फोडायला इम्पॅक्ट क्रशर वापरतात, मग आमच्याकडच्या खडी क्रशरवर काळ्या पाषाणासाठी आधी जबड्याचा क्रशरच का लावतात?

उत्तर : जबड्याच्या क्रशरमध्ये दगड दोन पोलादी पाट्यांमध्ये दाबून फुटतो, तर इम्पॅक्ट क्रशरमध्ये वेगाने फिरणाऱ्या रोटरवरच्या जाड पट्ट्या, म्हणजे ब्लो बार, त्याला सेकंदाला साधारण 30 ते 40 मीटर वेगाने फटका मारून समोरच्या पोलादी पडद्यावर आपटतात. अशा फटक्याने दगड स्वतःच्या नैसर्गिक भेगांतून फुटतो आणि खडी चपटी न होता चौकोनी येते. काँक्रीटला हीच खडी मानवते. चुनखडी मऊ असल्याने सिमेंट कारखान्यांत हे यंत्र उत्तम चालते. काळ्या पाषाणातील, म्हणजे बेसाल्टमधील, खनिजे मात्र बरीच कठीण असल्याने त्या पट्ट्या झपाट्याने झिजतात, आणि त्या बदलण्याचा खर्च खाणमालकाला परवडत नाही.

तरीही बेसाल्टपासून कृत्रिम वाळू करताना उभ्या अक्षाचा इम्पॅक्टर लावतातच, कारण त्याच्या एका प्रकारात रोटरमधून भिरकावलेला दगड कडेला साचलेल्या दगडांच्याच थरावर आदळतो आणि पोलादाची झीज पुष्कळ वाचते.