युद्धात लष्करी मुख्यालय झालेलं आणि आजही आत जाऊन पाहता येईल असं एखादं घर आहे का?

आहे, आणि मी क्षणाचाही विचार न करता त्याचं नाव सांगेन: कार्टर हाउस. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या फ्रँकलिन गावात फाउंटन ब्रँच कार्टर यांनी १८३० साली बांधलेलं विटांचं घर.

३० नोव्हेंबर १८६४. यादवी युद्ध सुरू होतं. उत्तरेकडची, म्हणजे युनियनची फौज नॅशव्हिलकडे माघार घेत होती, पण वाटेत हार्पेथ नदी आणि तिच्यावरचे पूल धड नाहीत. पूल दुरुस्त होईपर्यंत गावाच्या दक्षिणेला शत्रूला थोपवणं भाग होतं. टेनेसीतल्याच कोलंबिया गावाचा रस्ता कार्टरांच्या दारावरूनच जातो, म्हणून युनियनच्या जनरल जेकब कॉक्सने पहाटे घरच्यांना उठवून तिथंच मुख्यालय थाटलं. दुपारी दक्षिणेकडच्या, म्हणजे कॉन्फेडरेट जनरल हूडच्या फौजेने उघड्या माळावरून हल्ला चढवला आणि लढाई थेट अंगणात आली. सुमारे पाच तास, तीही बराचसा वेळ अंधारात!

कार्टर कुटुंब, शेजारी आणि त्यांचे गुलाम असे वीसहून अधिक लोक तेवढा वेळ तळघरात दाटीवाटीने बसून होते. ज्यांच्या मुक्तीवरून हे युद्ध पेटलं होतं, तेही त्याच अंधारात होते, हे मला तिथलं सर्वात महत्त्वाचं वाटतं.

कार्टरांचा मुलगा टॉड दक्षिणेच्या फौजेत कॅप्टन होता. वय २४. स्वतःच्या घरापासून हाकेच्या अंतरावर तो गोळ्या लागून पडला. लढाई थांबल्यावर घरच्यांनी अंधारात शोधून त्याला आत आणलं. २ डिसेंबरला त्याच घरात तो गेला.

गेलात तर तळघर पाहाच, पण जास्त वेळ आवारातल्या शेतीच्या कचेरीला द्या. ती लाकडी आहे. फळ्यांची अक्षरशः चाळण झाली आहे, आणि आत उभं राहिलं की भोकांतून बाहेरचा उजेड दिसतो. आवारातल्या इमारतींवर मिळून गोळ्यांच्या हजाराहून जास्त खुणा आहेत.

नंतर रस्ता ओलांडून कापसातली सरकी काढण्याची जिन होती त्या जागेकडे जा. दक्षिणेचा जनरल क्लेबर्न या लढाईत मारला गेला त्या भागात पुढे पिझ्झाचं दुकान झालं होतं. इतिहासप्रेमींनी पैसे उभे करून ती जमीन विकत घेतली, दुकान पाडलं आणि तिथं स्मृतिउद्यान केलं. आजूबाजूचे तुकडेही ते असेच एकेक करून सोडवत आले आहेत.