उरलेत तेवढे तरी काढून घेऊ का?

शेअर बाजार पडला की माझ्यासारख्या गुंतवणूक सल्लागाराचा फोन वाजायला लागतो. प्रश्न एकच: "उरलेत तेवढे तरी काढून घेऊ का?"

त्या बाई मात्र फोन न करता थेट आल्या. पंचेचाळिशीच्या, पगारदार, हिशेबाला चोख. सहा वर्षं इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराच्या निर्देशांकातले शेअर जसेच्या तसे घेणाऱ्या फंडात, दरमहा ठरलेली रक्कम भरत होत्या, एकदाही खाडा नाही. आता तीन आठवडे रात्री उठून मोबाइलवर आकडा बघत होत्या. "सर, मला जास्तीचं काही नको हो. माझे पैसे तेवढे परत मिळू देत."

मी नेहमीची चूक केली. आलेख उघडला. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी ५०० ऑक्टोबर २००७ ते मार्च २००९ मध्ये निम्म्याहून जास्त घसरला, २०१३ मध्ये जुन्या उंचीवर परत आला. २०२० मध्ये महिनाभरात एक तृतीयांश गेला, ऑगस्टपर्यंत भरून निघाला. हा आलेख दाखवला की मला स्वतःला फार बरं वाटतं.

"आणि जपान?" बाई वाचून आल्या होत्या. तिथला निक्केई निर्देशांक १९८९ च्या अखेरीस जिथे होता, तिथे पुन्हा पोहोचायला २०२४ उजाडलं.

त्यावर 'होईल सगळं ठीक' म्हणणं लबाडी झाली असती. म्हटलं, खरं आहे ताई. एकाच देशाचा निर्देशांक, फुगलेल्या भावात, एकरकमी घेतला तर असं होऊ शकतं. दरमहा भरणाऱ्याला पडत्या काळातले स्वस्त युनिटही (फंडातले हिस्से) मिळतात, कंपन्यांचा लाभांश वेगळा, त्यामुळे त्याला इतकी वर्षं थांबावं लागत नाही. जगभरच्या कंपन्यांचा फंड असेल तर एका देशावरची भिस्तही कमी होते. पण हमी कुणीच देत नाही. देणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

मग जे पहिल्यांदा विचारायला हवं होतं ते विचारलं. हे पैसे लागणार कधी?

"तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला. बाकीचे म्हातारपणी."

दोन्ही एकाच फंडात! म्हणजे झोप उडवत होती ती मुलीची फी, आणि ती भीती रास्त होती. निम्म्यावर आलेली रक्कम मूळ पदावर यायला दुप्पट व्हावी लागते. ते तीन वर्षांत होईलच, हे मी कुठल्या तोंडाने सांगणार?

कागद घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे फी. पहिल्या वर्षाचे पैसे आत्ताच काढून मुदत ठेवीत, पुढचे हप्तेही तिकडेच. पडत्या बाजारात विकायला त्यांचा हात धजेना. मग हप्त्यांची जुनी यादी काढली. सुरुवातीच्या वर्षांत घेतलेले युनिट अजूनही नफ्यात होते. अ‍ॅपवरचा लाल आकडा कालच्या तुलनेतला असतो, सहा वर्षांचा हिशेब त्यात दिसत नाही.

उजवीकडे म्हातारपण, वीस वर्षं लांब. तिथे हात लावायचा नव्हता. पण एका सहकाऱ्याने त्यांना 'तज्ज्ञ सांभाळतात त्या' फंडात जायला सुचवलं होतं. खर्च विचारला, तर वर्षाला एक टक्का जास्त. आठ टक्क्यांनी १०० चे वीस वर्षांत सुमारे ४६६ होतात, सात टक्क्यांनी ३८७. अमेरिकेतल्या व्हॅनगार्ड कंपनीचे संस्थापक जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्यांसाठी पहिला इंडेक्स फंड काढला तो हाच खर्च वाचवायला, आणि लोक त्यांना हसले होते. तज्ज्ञाने तो एक टक्का दरवर्षी भरून काढला तर प्रश्नच नाही. बहुतेकांना दीर्घकाळ ते जमत नाही.

"मग हे उजवीकडचं बघायचंच नाही?"

"वर्षातून एकदा बघा. रात्री नको."

दोन महिन्यांनी फोन आला. बाजार आणखी थोडा खाली गेला होता. त्यांना विचारायचं होतं, फीची ठेव प्रवेशाच्या आधी किती दिवस मोकळी होईल अशा बेताने ठेवायची.