वाचकांचे प्रश्न : कोलंबियाचे तोरेरो

कोलंबियात २०२७पासून बुलफाइट कायमची बंद होणार, ही बातमी आल्यापासून तिथल्या नामवंत तोरेरोंविषयी, म्हणजे रिंगणात वळूशी झुंजणाऱ्यांविषयी, बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : कोलंबियाचा विषय निघाला की सेसार रिंकोनचे नाव सगळ्यांत आधी घेतात. त्याने नेमके काय केले?

१९९१ साली माद्रिदच्या लास व्हेन्तास रिंगणाचा मोठा दरवाजा त्याने एकाच हंगामात चार वेळा उघडायला लावला. २१ मे, २२ मे, ६ जून आणि १ ऑक्टोबर या त्या तारखा. तोवर कुणालाही हे जमले नव्हते, आणि करणारा स्पॅनिश नव्हता, बोगोतात जन्मलेला पंचविशीतला मुलगा होता.

या दरवाजाचा हिशेब असा. मातादोरला, म्हणजे वळूला तलवारीने मारणाऱ्या मुख्य तोरेरोला, एका दुपारी मारलेल्या वळूंचे निदान दोन कान बक्षीस मिळाले, तरच त्याला खांद्यावर घेऊन तिथून बाहेर नेतात. पहिला कान प्रेक्षकांचा : बहुसंख्य लोकांनी पांढरे रुमाल हलवले की झुंजीवर देखरेख करणाऱ्या अध्यक्षाला तो द्यावा लागतो. त्याच वळूचा दुसरा कान मात्र अध्यक्षाच्या निर्णयावर असतो. तो वळूचा दर्जा, संपूर्ण खेळ आणि तलवारीचा घाव कुठे बसला हे पाहतो. लास व्हेन्तासचा प्रेक्षक कडक. इतर रिंगणांत खेळ रंगला की बँड वाजू लागतो. इथे मातादोर लाल कापड घेऊन वळूसमोर असताना संगीत नसते, त्यामुळे वातावरणाच्या जोरावर कान मिळत नाहीत.

२१ मे रोजी रिंकोनने बाल्तासार इबान यांच्या पैदाशीच्या वळूवर दोन कान मिळवले. दुसऱ्या दिवशी तो मूळ कार्यक्रमात नव्हता. ऐन वेळी दुसऱ्याच्या जागी उतरला आणि पुन्हा त्याच दरवाजातून बाहेर पडला. ६ जूनला ओर्तेगा कानो आणि तो, असे दोघेच होते. सहा वळू दोघांत वाटलेले.

आता तंत्राचे. ऐंशीच्या दशकात वळूच्या शिंगांना जवळजवळ चिकटून उभे राहण्याची पद्धत लोकप्रिय झाली होती. रिंकोन उलट मागे सरकला. वीसेक मीटरवरून तो वळूला हाक द्यायचा, कापड पुढे धरायचा आणि पूर्ण वेगाने येणारा वळू पोहोचेपर्यंत पाय हलवायचा नाही. अंतर दिल्याने वळूची खरी ताकद दिसते आणि धावेची लांबी मिळाल्याने कापडामागे तो सरळ जातो. धोकाही त्यातच आहे. लांबून येणाऱ्या वळूला कापड आणि माणूस यांतला फरक हेरायला वेळ मिळतो. कापड थोडे उशिरा पुढे गेले किंवा पाऊल मागे पडले, तर शिंग थेट मांडीकडे येते. त्यामुळे अंतराचा खेळ प्रत्येक वळूवर चालत नाही. दमदार आणि सरळ येणारा वळू लागतो, आणि तो पहिल्या काही मिनिटांत ओळखावा लागतो. रिंकोनची खरी करामत या निवडीत होती.

१९९४मधली माद्रिदची ‘बास्तोनितो’ नावाच्या वळूशी झालेली त्याची झुंजही अवश्य पाहावी. कान एकच मिळाला, पण वळू इतका कडवा होता की आमच्या मते ती दुपार १९९१च्या चारही दुपारींहून मोठी आहे.

हे सगळे तो आजारी शरीराने करत होता. १९९०मध्ये पालमिरा येथे वळूने जखमी केल्यावर त्याला रक्त द्यावे लागले, आणि त्या रक्तातून हेपटायटिस ‘सी’ची लागण झाली. १९९९मध्ये त्यामुळे त्याला थांबावे लागले. उपचार घेऊन तो परतला आणि २००८मध्ये बोगोतात त्याने निरोप घेतला.

प्रश्न : मातादोर ही पदवी कोण देते? परीक्षा असते का?

लेखी परीक्षा नसते. आधी नोव्हियेरो म्हणून तीन वर्षांच्या लहान वळूंसमोर उभे राहायचे. मग ‘आल्तेर्नातिव्हा’ नावाचा विधी होतो. त्या दुपारच्या पहिल्या वळूच्या वेळी ज्येष्ठ मातादोर नवोदिताच्या हाती तलवार आणि लाल कापड देतो, दुसरा मातादोर साक्षीदार असतो. तिथून पुढे चार वर्षे पूर्ण झालेले वळू. ज्येष्ठता त्या तारखेपासून मोजतात आणि रिंगणात कुणी कोणत्या क्रमाने उतरायचे तेही त्यावरच ठरते.

रिंकोनचा विधी ८ डिसेंबर १९८२ रोजी बोगोतात झाला, आंतोन्येते या स्पॅनिश ज्येष्ठाच्या हातून. पण माद्रिदबाहेर घेतलेली पदवी माद्रिदमध्ये पुन्हा पक्की करून घ्यावी लागते. ती त्याने १९८४मध्ये केली आणि नंतर बरीच वर्षे तिथे त्याला फारसे कुणी बोलावले नाही. दक्षिण अमेरिकेच्या बहुतेक तोरेरोंचे इथेच अडते. कौशल्य असते, पण स्पेनमध्ये करार मिळवून देणारा व्यवस्थापक नसतो. वर्षाला दोन-चार दुपारी मिळाल्या तर हात बसत नाही, आणि हात बसला नाही की पुढचा करार मिळत नाही.

प्रश्न : पेपे कासेरेस यांचा मृत्यू रिंगणातच झाला का? तलवारीचा क्षण सगळ्यांत धोक्याचा का मानतात?

रिंगणात नाही. २० जुलै १९८७ रोजी सोगामोसो गावात ‘मोनीन’ नावाच्या वळूने त्यांना जबर जखमी केले. त्यानंतर जवळजवळ चार आठवडे त्यांनी झुंज दिली आणि १६ ऑगस्टला प्राण सोडला. वय ५० उलटले होते. तोलिमा प्रांतातल्या ओन्दा गावचा हा माणूस १९५६मध्ये सेव्हिया येथे आंतोनियो ब्येनव्हेनिदा यांच्या हातून मातादोर झाला आणि रिंकोनच्या आधी तीन दशके कोलंबियाचा पहिला तोरेरो राहिला. खेळाच्या सुरुवातीला वापरतात त्या मोठ्या कापडाचा ‘कासेरिना’ हा डाव त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तलवारीबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण दूरचित्रवाणीवर हे दोन सेकंदांत संपते. तलवारीचे पाते साधारण ८५ सेंटिमीटर, टोकाशी किंचित खाली वाकवलेले, म्हणजे आत गेल्यावर ते खालच्या मोठ्या रक्तवाहिन्यांकडे वळते. घावाची जागा दोन्ही खांद्यांच्या हाडांमध्ये, हाताच्या पंजाएवढीसुद्धा नाही. ती उघडते ती वळूचे पुढचे दोन्ही पाय जोडून असतील आणि मान खाली असेल तेव्हाच. पाय फाकलेले असले की खांद्याची हाडे जवळ येतात, तलवार हाडावर आपटते आणि उसळून बाहेर पडते. नवखा मातादोर घाईत इथेच चुकतो : मान खाली आहे की नाही ते पाहतो, पायांकडे पाहत नाही.

पुढचे काम डाव्या हाताचे. डाव्या हातातले कापड खाली, स्वतःच्या उजव्या बाजूकडे न्यायचे, म्हणजे वळूचे डोके त्यामागे जाते. उजवा हात त्याच क्षणी शिंगांवरून आत जातो. डावा हात अर्धा क्षण थांबला किंवा उंच राहिला, तर वळू डोके वर उचलतो आणि मातादोरची छाती नेमकी शिंगावर येते. त्या अर्ध्या क्षणात माणसाला वळूचा चेहरा दिसतच नाही. धोका टाळायला काही जण धावतच बाजूला सरकतात. मग तलवार खाली, फुप्फुसात जाते, वळूच्या तोंडातून रक्त येते आणि जाणकार प्रेक्षक शिट्ट्या मारतो. चांगला खेळ करूनही कान गेले असे वाचाल, तेव्हा दहांपैकी नऊ वेळा कारण हेच असते.

वेळेचेही बंधन आहे. स्पॅनिश नियमात शेवटचा, म्हणजे लाल कापड आणि तलवारीचा, टप्पा सुरू झाल्यापासून दहाव्या मिनिटाला पहिला इशारा, तेराव्याला दुसरा, पंधराव्याला तिसरा. तिसऱ्या इशाऱ्यानंतर वळू मातादोरच्या हातून काढून घेतात. याहून मोठी नामुष्की नाही.

प्रश्न : बोगोता खूप उंचावर आहे. खेळावर परिणाम होतो का?

निश्चित होतो. बोगोता सुमारे २,६०० मीटरवर, मानिसालेस २,१०० मीटरच्या वर, काली शहर हजारेक मीटरवर आणि कार्ताहेना समुद्रकाठी. सखल भागात वाढलेला वळू बोगोतात नेला तर शेवटच्या टप्प्यापर्यंत त्याचा दम संपतो, तो तोंड उघडून उभा राहतो. बोगोताच्या पठारावर पोसलेल्या वळूंना, उदाहरणार्थ मोन्दोन्येदोच्या, हा त्रास कमी. तोरेरोलाही हिशेब बदलावा लागतो : घोड्यावरच्या भालेदाराकडून वळूला कमी मार, कापडाचे डाव कमी आणि मधे वळूला श्वास घ्यायला जागा. वारा असला तर कापडाची खालची कड पाण्याने भिजवून वाळूत घोळवतात, म्हणजे वजन वाढते. कोरडे कापड उडाले की मागचा माणूस उघडा पडतो.

प्रश्न : या दोघांशिवाय कुणाची नावे लक्षात ठेवावीत?

होसेलियो दे कोलंबिया, हाइमे गोन्सालेस ‘एल पुनो’, आणि अलीकडच्यांत लुईस बोलिव्हार : जन्म पनामाचा, वाढला काली शहरात, २००४मध्ये स्पेनमध्ये मातादोर झाला. स्त्रियांमध्ये बेर्ता त्रुहियो, रिंगणातले नाव ‘मोरेनिता देल किंदिओ’. तिच्याविषयी फार कमी लिहिले गेले याची खंत वाटते. चित्रकार फेर्नांदो बोतेरो किशोरवयात मेदेयिनच्या बुलफाइट शाळेत गेला होता, तो तोरेरो झाला नाही, पण त्याची रिंगणातली चित्रे पाहताना हे माहीत असावे.

प्रश्न : बंदी नेमकी कधीपासून? बोगोतात ती आधीच आहे असेही वाचले.

दोन्ही खरे. बोगोताचे सान्तामारिया रिंगण १९३१चे. महापौर गुस्ताव्हो पेत्रो यांनी २०१२मध्ये तिथली बुलफाइट थांबवली. न्यायालयाच्या आदेशानंतर जानेवारी २०१७मध्ये ती परत आली. २०२०मध्ये नगरपरिषदेने वळूला जखमा करणारी साधने आणि त्याला मारणे यांवर बंदी घातली, तेव्हापासून तिथे बुलफाइट झालेली नाही.

देशभराचा कायदा वेगळा. २८ मे २०२४ रोजी संसदेत तो मंजूर झाला. पेत्रो तोवर राष्ट्राध्यक्ष झाले होते, त्यांनी २२ जुलैला सान्तामारियाच्याच रिंगणात त्यावर सही केली. तीन वर्षांची मुदत आहे, म्हणजे जुलै २०२७. घटनात्मक न्यायालयाने सप्टेंबर २०२५मध्ये तो वैध ठरवला. तोवर कालीची डिसेंबरअखेरची आणि मानिसालेसची जानेवारीतली जत्रा हेच उरलेले मोठे हंगाम. या व्यवसायावर पोट असलेल्यांना दुसरा रोजगार मिळवून देण्याची आणि रिंगणे सांस्कृतिक व क्रीडा कार्यक्रमांसाठी वापरात आणण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे.